खटका

दिवा मीच बसवला होता, दिवाळीच्या आधी.
कसबा बावड्यात, सरनाइकांच्या परसात,
शेवग्याच्या अंगाला, पत्र्याच्या पन्हळीखाली.
पुण्याहून पोरानं पाठवलेला.
खोक्यावर लिहिलेलं : माणूस आला की आपोआप लागेल.

माणूस आला की लागायचा.
मांजर आलं तरी लागायचा,
घूस आली तरी, वटवाघूळ फिरकलं तरी.
नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं.

काल वत्सलाकाकींनी पुन्हा बोलावलं.
"बिघडलाय व्हय रं?
हे भाईर बसत्यात, आन् दिवा जातोय."

हे म्हणजे आनंदराव.
उद्यमनगरात अडतीस वर्षं ओतकाम.
उकळतं लोखंड साच्यात सोडताना
ज्यांचा हात कधी थरथरला नाही.
संक्रांतीपासून उजवी बाजू गप्प आहे.
जेवण झालं की त्यांची खुर्ची परसात येते
आणि ते बसतात. नुसते बसतात,
कारखान्याकडून येणारा मळीचा वास घेत.

दिवा नव्वद सेकंद वाट बघतो,
मग ठरवतो, इथं कोणी नाही.

मी उभं राहून बघितलं. खरंच गेला.
अंधारातनं आवाज आला, अर्ध्या ओठातला :
"जलमभर हाललो, बाबा.
आता जरा बसलोय
तर ह्यो म्हणतोय, हाल, न्हाईतर तू न्हाईसच."
आणि डावा हात वर करून त्यांनी हजेरी दिली,
चौथीतल्या पोरासारखी.
दिवा लागला.

बिघडला नव्हता.
त्याला कळतं ते एवढंच, ऊब सरकली की नाही.
बसलेली ऊब त्याला भिंतीसारखी.

आज सकाळी मेन बंद केला.
टेस्टर लावला, पुन्हा एकदा लावला,
कारण बंद केलेलं आणि बंद असलेलं
यांच्यामध्ये एखादा माणूस जाऊ शकतो.
सेन्सरच्या तीन तारा :
तपकिरीतनं फेज आत येते, निळी न्यूट्रल,
लाल दिव्याकडे जाते, सेन्सरची परवानगी असेल तर.
मी फेजवरनं आणखी एक तार काढली,
खटक्यातनं फिरवून थेट लालला जोडली.
राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की
वडणग्याचा माणूस शिवाजी पुलावरनं वळसा घेतो, तसं.
घर तेच. फक्त बंधाऱ्याला विचारायचं नाही.

काकी म्हणाल्या, दाराशी लाव, नेहमीच्या उंचीवर.
मी त्यांच्या खुर्चीत बसलो.
डावा हात सैल सोडला.
बोट जिथं टेकलं तिथं पेन्सिलीची फुली मारली.
जमिनीपासून सव्वादोन फूट.
भिंतीवर वेडंच दिसतं ते,
पाणी उडेल म्हणून वर झाकणाचा डबा, तोही करडा.
"पोरांच्या खेळण्यागत," काकी म्हणाल्या,
आणि सिमेंटची धूळ पदरानंच पुसली.

संध्याकाळी बघायला गेलो, बिल द्यायचं राहिलं होतं.
आनंदरावांनी झाकण उचललं, एकदा निसटलं, पुन्हा उचललं.
"खटक्यावर बोट," म्हणाले,
आणि थांबले.
गल्लीतलं पोरगंही पुढचं सांगेल,
पण मी म्हणालो नाही, त्यांनीही नाही.

दिवा लागला आणि राहिला.
दोन मिनिटं. चार. पाकोळ्या जमल्या.
ते त्याच्याकडे बघत होते,
हाताखालच्या नव्या पोराकडे बघावं तसे.

मग त्यांनीच बंद केला.
तरी दिवा जाईना, कारण बंद करताना हललेला हात
सेन्सरनं बघितला होता.
त्यांना ते कळलं. डोळ्यांत काहीतरी खोडकर आलं.
ते हलेनात, मुद्दाम.
श्वाससुद्धा सावकाश.
एक माणूस आपल्या मर्जीनं
कोणी नसल्यासारखा बसून राहिला

आणि अंधार झाला.
अंधारात ते हसले. ऐकू आलं.

बिल खिशात, पिशवी खांद्यावर,
मीही होतो तिथंच, दोन पावलं टाकली असती तर लागला असता.
माझ्या मनगटावर डास बसला.
मी हललो नाही.